घोडा ओळखणे आणि भाव ओळखणे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या क्रीडा पानावर शर्यतींच्या दिवशी घोड्यांचे अंदाज छापले जातात. अलीकडे त्या अंदाजांच्या शेजारीच ‘संगणकीय’, ‘सांख्यिकी’, ‘शास्त्रशुद्ध हँडिकॅपिंग’ (म्हणजे घोड्यांच्या जिंकण्याच्या संधीचा हिशेब) अशी विशेषणे लावलेल्या पद्धतींच्या जाहिरातीही येऊ लागल्या आहेत. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवले आहे आणि घोड्यांच्या शर्यतींची आकडेवारी हा माझा फार जुना अभ्यासविषय आहे. मी पैसे क्वचित लावतो. पण अंदाज आधी लिहून ठेवून निकालाशी ताडून पाहण्याचे काम मात्र मी अनेक मोसम नियमाने केले आहे. त्या अनुभवावर विसंबून हे पत्र लिहीत आहे. माझी तक्रार शर्यतींविषयी नाही आणि संख्याशास्त्राविषयी तर मुळीच नाही. ज्या एका कसोटीवर अशी पद्धत खरी की खोटी हे ठरते, ती कसोटी जाहिरातीतही नसते आणि आपल्या अंदाजांतही नसते, आणि त्यामुळे वाचकांचे खरेखुरे नुकसान होत आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

काही महिन्यांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याच्या हातात स्पायरल बांधणीची एक पुस्तिका होती आणि ती त्याने बऱ्यापैकी मोठी रक्कम मोजून एका विक्रेत्याकडून घेतली होती. त्या विक्रेत्याचे नाव मी येथे देत नाही. पुस्तिकेत घोड्याला गुण देण्याची एक रीत होती: मागच्या तीन शर्यतींतील क्रमांक, पाठीवरचे वजन, जॉकीची यशाची टक्केवारी, विश्रांतीचे दिवस, स्टार्टिंग गेटमधील जागा, अशा घटकांना गुण द्यायचे, बेरीज करायची आणि सर्वांत जास्त बेरजेच्या घोड्यावर पैसे लावायचे. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत ‘यशाचे प्रमाण ७० टक्के’ असे छापले होते. विद्यार्थी गणितात चांगला होता, म्हणूनच त्याला हा आकडा पटला होता. त्याने तीन महिने निष्ठेने पद्धत पाळली आणि त्याची पुंजी निम्म्याहून कमी झाली. तो माझ्याकडे विचारायला आला होता की आपली बेरीज कुठे चुकली. बेरीज कुठेच चुकली नव्हती, हे त्याला सांगताना मला फार वाईट वाटले.

७० टक्के या आकड्याकडे आधी पाहू. समजा, एखादी पद्धत खरोखरच शंभरपैकी सत्तर विजेते सांगते. पण ते सगळे इतके उघड फेव्हरिट, म्हणजे लोकांच्या पहिल्या पसंतीचे, आहेत की शंभर लावले तर जिंकल्यावर तीसच नफा मिळतो. मग सत्तर विजयांचा नफा २,१०० आणि तीस पराभवांचा तोटा ३,०००. म्हणजे सत्तर टक्के अंदाज बरोबर येऊनही नऊशेचा खड्डा पडला. उलट, एखाद्याचे शंभरपैकी पंधराच घोडे जिंकले, पण प्रत्येकावर एकास आठ असा भाव होता, म्हणजे एक लावल्यास जिंकल्यावर आठ नफा, तर त्याचा नफा १२,०००, तोटा ८,५०० आणि हातात ३,५०० शिल्लक. विजेते ओळखण्याची टक्केवारी भावाशिवाय सांगणे म्हणजे दुकानदाराने किती गिऱ्हाइके आली ते सांगावे आणि माल किती किमतीला घेतला नि विकला ते सांगू नये, तसे आहे. त्या पुस्तिकेत तर याहूनही पुढची गोष्ट होती. मागील पानांवरचे तक्ते तपासले तेव्हा ध्यानात आले की दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर आलेले घोडेही ‘यश’ म्हणून मोजले होते. पद्धतीचा सल्ला मात्र घोडा विनवर, म्हणजे पहिल्या क्रमांकासाठी, लावण्याचा होता.

हँडिकॅप या शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि ते एकत्र ध्यानात घेतले की या उद्योगाची खरी अडचण कळते. पहिला अर्थ रेसकोर्सच्या अधिकाऱ्याचा. हँडिकॅप शर्यतीत चांगल्या घोड्याला जास्त वजन आणि कमकुवत घोड्याला कमी वजन देऊन सर्वांची संधी शक्य तितकी सारखी करायची, हे त्याचे काम. इंग्लंडमध्ये अ‍ॅडमिरल हेन्री रूस यांनी १९ व्या शतकाच्या मध्यावर या कामाला शिस्त लावली आणि वयानुसार वजन देण्याचा तक्ता तयार केला. दुसरा अर्थ पैसे लावणाऱ्याचा: प्रत्येक घोड्याची जिंकण्याची शक्यता किती, हे त्याने आपल्या अभ्यासाने ठरवणे. म्हणजे एका बाजूला एक जाणकार अधिकारी घोड्यांमधला फरक पुसून टाकण्यासाठी पगार घेतो आणि दुसऱ्या बाजूला आपण तोच फरक शोधत असतो. जो फरक सर्वांना दिसतो तो वजनाने बराचसा पुसलेला असतो आणि जो उरतो तो लोकांनी लावलेल्या पैशांमुळे भावात उतरलेला असतो. मागच्या तीन शर्यतींतले क्रमांक मोजून गुण देणारी पद्धत नेमका हा सर्वांना दिसणारा भागच पुन्हा मोजत बसते.

भाव कसा बनतो हेही पाहिले पाहिजे. टोटच्या, म्हणजे रेसकोर्सवरील सामाईक गल्ल्याच्या, पद्धतीत सर्वांचे पैसे एका गल्ल्यात जमा होतात, आयोजक व सरकार यांचा ठरलेला हिस्सा कापला जातो आणि उरलेली रक्कम जिंकलेल्या घोड्यावर पैसे लावणाऱ्यांत वाटली जाते. ही कल्पना १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर यांनी रूढ केली, आणि हिशेब भराभर करणारे जॉर्ज ज्युलियस यांचे पहिले अजस्र यंत्र १९१३ मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या एलरस्ली रेसकोर्सवर बसवण्यात आले. समजा, गल्ल्यात एकूण १,००० जमा झाले आणि कपात २० टक्के आहे. वाटायला ८०० उरले. एका घोड्यावर २०० लागले आहेत, तर तो जिंकल्यास एकाचे चार मिळतील, मूळ रक्कम धरून. लोकांच्या मते त्या घोड्याची संधी पाचात एक, कारण हजारातले दोनशे त्याच्यावर आहेत. पण मिळणारी रक्कम चारात एक संधी असल्यासारखी आहे. तेव्हा तो घोडा पाचात एकदा जिंकेल हे आपण अगदी अचूक ओळखले, तरी दीर्घकाळात शंभरामागे वीस गमावणार. आपले पैसे सुरक्षित राहण्यासाठीच त्याची खरी संधी चारात एक असावी लागते आणि नफ्यासाठी त्याहूनही अधिक. याचा अर्थ असा की केवळ बरोबर असून भागत नाही. जमलेल्या सगळ्या लोकांपेक्षा बरोबर असावे लागते आणि तेही कपातीच्या रकमेहून जास्त फरकाने. निरनिराळ्या देशांत आणि निरनिराळ्या प्रकारच्या पैजांत ही कपात साधारण १५ ते २५ टक्क्यांच्या घरात असते. शिवाय डिव्हिडंड, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळणारी रक्कम, जाहीर करताना तो खालच्या आकड्यावर आणला जातो, ती बारीक कपात वेगळीच.

हे ‘सगळे लोक’ म्हणजे अडाणी गर्दी, असा पद्धती विकणाऱ्यांचा सूर असतो. तो मला खटकतो, कारण आकडे त्याच्या नेमके उलट सांगतात. गर्दीतला एकेकटा माणूस चुकत असेल; पण हजारो माणसांचे पैसे एकत्र आले की त्यातून निघणारा भाव आश्चर्य वाटावे इतका खरा असतो. कोणी सकाळचा सराव पाहिलेला असतो, कोणाला तबेल्यातली बातमी असते, कोणी पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या जागी, घोडा घामाने डबडबलेला पाहिलेला असतो, कोणी माझ्यासारखा वह्या घेऊन बसलेला असतो. ज्या घोड्यांना भावानुसार पाचात एक संधी आहे ते सगळे घोडे वेगळे काढले, तर त्यांतले जवळपास पाचात एक जिंकलेले दिसतात. या नियमात एक वाकडेपणा मात्र जुन्या काळापासून माहीत आहे. १९४९ मध्ये ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतील शर्यतींचे आकडे तपासून दाखवले की कमी भावाच्या घोड्यांवर लोक हवे त्यापेक्षा थोडे कमी पैसे लावतात आणि मोठ्या भावाच्या, म्हणजे ज्यांची संधी फार थोडी आहे अशा घोड्यांवर जास्त लावतात. पुढे अनेक देशांत हाच कल दिसला. तरीही डोळे मिटून फेव्हरिट लावत गेलो तर फायदा होतो असे नाही. तोटा कमी होतो एवढेच. कपातीची भिंत ओलांडण्याइतका हा वाकडेपणा मोठा नसतो.

मग संख्याशास्त्राने शर्यतींत कधीच काही साधले नाही काय? साधले आहे, आणि ते नीट सांगितले पाहिजे; कारण जाहिराती त्याच यशाच्या नावावर चालतात. १९८६ मध्ये बोल्टन आणि चॅपमन या दोन अभ्यासकांनी २०० शर्यतींच्या माहितीवर एक मॉडेल, म्हणजे संभाव्यता काढणारे गणिती सूत्र, बसवून प्रसिद्ध केले. त्याचे वैशिष्ट्य असे की ते घोड्याला सुटा गुण देत नव्हते. एका शर्यतीत धावणारे सगळे घोडे एकत्र घेऊन, सर्वांच्या शक्यतांची बेरीज बरोबर एक येईल अशा रीतीने, प्रत्येकाची संभाव्यता ते काढत असे. ही बाब लहान वाटते, पण तिथेच पुस्तिकेतली गुणपद्धत आणि खरी पद्धत यांच्या वाटा वेगळ्या होतात. ६२ गुणांचा घोडा ५८ गुणांच्या घोड्यापेक्षा चांगला, एवढे गुण सांगतात. त्याची संधी २२ टक्के की ३१ टक्के, हे सांगत नाहीत, आणि ते कळल्याशिवाय भावाशी तुलना करताच येत नाही.

याच वाटेने बिल बेंटर हे अमेरिकी गृहस्थ हाँगकाँगमध्ये अफाट यशस्वी झाले, आणि १९९४ मध्ये त्यांनी आपल्या पद्धतीविषयी एक लेख लिहून तिचा गाभा उघड केला. पद्धती विकत घेणाऱ्या प्रत्येकाने तो लेख आधी वाचावा असे मला मनापासून वाटते. हाँगकाँगची निवडही योगायोगाची नव्हती. दोनच रेसकोर्स, तेच ते घोडे पुन्हा पुन्हा एकमेकांशी धावणारे, सगळी नोंद उपलब्ध आणि गल्ला इतका मोठा की आपण लावलेल्या पैशाने भाव फारसा हलू नये. अशा बंदिस्त ठिकाणीही मॉडेल बसवायला किमान ५०० ते १,००० शर्यतींची माहिती हवी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे मॉडेल घोड्याची मागील कामगिरी, वजन, अंतर, जॉकी, गेटमधील जागा असे अनेक घटक पारखून घेत असे, आणि नवा घटक घ्यायचा तर त्याने मॉडेलच्या बाहेर राखून ठेवलेल्या शर्यतींवर आपली उपयुक्तता सिद्ध करावी लागे.

पण त्या लेखातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग निराळाच आहे. मॉडेलची संभाव्यता आणि लोकांचा भाव यांत फरक दिसला की तिथे फायदा आहे असे आपल्याला वाटते. बेंटर यांनी दाखवले की नेमक्या अशाच घोड्यांच्या बाबतीत मॉडेलचा अंदाज फुगलेला निघतो. मॉडेल म्हणते २५ टक्के, भाव सांगतो १५ टक्के. प्रत्यक्षात असे घोडे मधल्याच कुठल्या तरी प्रमाणात जिंकतात. कारण उघड आहे. मॉडेलला न दिसलेले काहीतरी लोकांना दिसलेले असते. म्हणून त्यांनी दुसरी पायरी घातली. आपली संभाव्यता आणि लोकांच्या भावातून निघणारी संभाव्यता यांचा योग्य प्रमाणात मेळ घालून तिसरा अंदाज काढायचा आणि पैसे लावायचे ते या तिसऱ्या अंदाजावर. जगातल्या सर्वांत यशस्वी हँडिकॅपिंग मॉडेलने लोकांचा भाव झुगारला नाही. त्याला माहितीचा सर्वांत मोठा झरा मानले. आपल्याकडे छापल्या जाणाऱ्या एकाही जाहिरातीत हा विचार नाही. ‘भावाकडे पाहू नका, पद्धतीवर विश्वास ठेवा’ हे वाक्य तर त्या पुस्तिकेत अधोरेखित करून छापलेले होते.

पुस्तिकेतील तक्ते मी विद्यार्थ्यासमोरच तपासायला घेतले. जुनी रेसबुके, म्हणजे शर्यतीच्या दिवशी घोड्यांच्या माहितीची निघणारी पुस्तके, माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत. मोठ्या टेबलावर एका बाजूला पुस्तिका, दुसऱ्या बाजूला रेसबुकांची चळत आणि मध्ये आखलेली वही, असे आम्ही दोन रविवार बसलो. पहिल्या काही शर्यतींत सारे जुळले. मग एका घोडीपाशी विद्यार्थी थबकला. पुस्तिकेत तिचे शर्यतीच्या दिवसाचे रेटिंग, म्हणजे तिच्या कुवतीचा अधिकृत आकडा, ५४ दिले होते. त्या दिवसाच्या रेसबुकात ते ४६ होते. ५४ हे रेटिंग तिला ती शर्यत जिंकल्यानंतर मिळालेले होते आणि पुढच्या रेसबुकात ते छापलेले आम्हाला सापडले. मग आम्ही पुढचे दहा विजेते तपासले. दहाही ठिकाणी तोच प्रकार होता. ज्याने तक्ता केला त्याने घोड्यांची नंतरची रेटिंग्ज घेऊन ती आधीच्या शर्यतींना चिकटवली होती. जिंकलेल्या घोड्यांचे रेटिंग वाढलेले असणारच. मग जास्त रेटिंगचे घोडे जिंकतात असा ‘शोध’ त्या तक्त्यातून लागला यात नवल काय? हे मुद्दाम केले की अजाणतेपणी झाले, हे मी सांगू शकत नाही. अभ्यासू माणसाच्या हातूनही असे होते; माझ्या हातूनही एकदा झाले होते. पण परिणाम एकच. निकाल आधीच पोटात घेऊन बसलेली पद्धत कागदावर अचूक ठरते आणि रेसकोर्सवर पहिल्याच दिवशी उघडी पडते. आमच्यापैकी कोणीच मग बराच वेळ बोलले नाही.

दुसरा दोष याहून जास्त सर्वत्र आढळतो. त्या पद्धतीत सतरा अटी होत्या: अमुक अंतर, तमुक वयाचे घोडे, विश्रांती इतके दिवस ते इतके दिवस, गेटची जागा चारच्या आत, इत्यादी. जुन्या निकालांवर अटी चढवत गेलो की कोणतीही पद्धत फायद्याची करता येते. कारण प्रत्येक अट म्हणजे काही हरलेल्या घोड्यांना मागाहून बाहेर काढण्याची सोय असते. काहीही अर्थ नसलेले वीस घटक पारखले, तरी पाच टक्क्यांच्या कसोटीवर, म्हणजे जी निरर्थक घटकालाही विसात एकदा पास करते तिच्यावर, त्यांतला एखादा केवळ योगायोगाने पास होतो. जाहिरातदार तो एक छापतो आणि एकोणीस छापत नाही.

योगायोग किती मोठा असतो याची कल्पना सर्वसाधारण वाचकाला नसते, आणि तो दोष वाचकाचा नाही. एक हिशेब देतो. समजा, एक माणूस कसलेही विशेष ज्ञान नसताना एकास चार या भावाचे घोडे लावतो आणि भावात कपात आधीच धरलेली असल्याने या भावाचे घोडे शंभरपैकी सतरा वेळाच जिंकतात. म्हणजे दीर्घकाळात त्याला पंधरा टक्के तोटा ठरलेला आहे. अशी शंभर माणसे घेतली आणि प्रत्येकाने शंभर पैजा लावल्या, तर शेवटी त्यांतली सतरा-अठरा माणसे फायद्यात असतील. त्यांना वाटेल की आपल्याला काहीतरी सापडले आहे. त्यांतला एखादा पद्धत छापून विकू लागेल आणि प्रामाणिकपणे विकू लागेल. पैजांची संख्या हजारावर नेली, तर फायद्यात राहणारे हजार माणसांत पाच-सहाच उरतील. याउलट, ज्याच्याकडे खरोखरच शंभरामागे पाच नफा मिळवण्याचे कौशल्य आहे, त्याला ते योगायोगापासून वेगळे दाखवायला याच भावांवर सहा हजारांहून जास्त पैजांची नोंद लागेल. एका मोसमाच्या किंवा चाळीस शर्यतींच्या यशावर कोणालाही काहीही सिद्ध करता येत नाही, ना पद्धतीच्या बाजूने, ना विरुद्ध. पाचात एक जिंकणाऱ्या उत्तम पद्धतीलाही हजार पैजांत कधी ना कधी सलग वीस पराभव जवळजवळ निश्चित येतात. त्या काळात माणूस रक्कम दुप्पट करत जातो आणि तिथेच संपतो.

किती रक्कम लावावी याचेही एक गणित आहे. १९५६ मध्ये बेल प्रयोगशाळेतील जॉन केली यांनी ते मांडले. सोप्या शब्दांत: एकामागे आपला अपेक्षित फायदा भावाने (एकास चार असेल तर चारने) भागायचा आणि पुंजीचा तेवढाच भाग लावायचा. एकास चार भाव आहे आणि घोड्याची संधी खरोखर २५ टक्के आहे, तर पुंजीच्या सव्वासहा टक्के लावावे. पण आपण तीच संधी चुकून ३० टक्के मानली, तर सूत्र साडेबारा टक्के लावायला सांगते, आणि त्या दुप्पट रकमेने पुंजीची वाढ जवळजवळ शून्यावर येते. म्हणजे फायद्याचा घोडा सापडूनही हाती काही उरत नाही. आणि खरी संधी २० टक्केच असेल, तर योग्य रक्कम शून्य आहे. पाच टक्क्यांची चूक एवढा फरक पाडते! म्हणूनच जाणकार माणसे सूत्राने सांगितलेल्या रकमेच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी लावतात. ज्या पद्धतीत संभाव्यताच काढलेली नाही, तिला रक्कम ठरवण्याचा काही आधारच नसतो. पुस्तिकेत ‘आत्मविश्वासानुसार रक्कम वाढवा’ असे लिहिले होते.

टोटवर आणखी एक गोष्ट सोसावी लागते. आपण खिडकीपाशी उभे असताना फलकावर जो भाव दिसतो तो आपल्याला मिळणारा भाव नसतो. शर्यत सुटेपर्यंत येणारे सगळे पैसे धरून अखेरचा भाव ठरतो. आज संगणकावर चालणारे मोठे गट अगदी शेवटच्या क्षणी रक्कम टाकतात, त्यामुळे आपल्याला चांगला वाटलेला घोडा नेमका त्यांनाही चांगला वाटला असेल तर भाव पडतो, आणि वाटला नसेल तर वाढतो. म्हणजे आपण बरोबर असतो तेव्हा कमी मिळते. ज्या पद्धतीचा हिशेब सकाळच्या भावांवर केलेला आहे, त्या हिशेबाला काही किंमत नाही.

एवढे सगळे लिहिण्याचा हेतू कोणाला शर्यतींपासून परावृत्त करण्याचा नाही. शर्यतीची आकडेवारी हा अतिशय सुंदर विषय आहे. हरलेल्या घोड्याचे अंतर का जसेच्या तसे मोजू नये, कारण विजय हातून गेला की जॉकी घोड्याला आवरता घेतो. ओल्या मैदानावरची वेळ कोरड्या मैदानावरच्या वेळेशी कशी ताडायची. चांगला जॉकी मुळातच चांगले घोडे निवडतो, मग यश त्याचे किती आणि घोड्याचे किती. अशा प्रश्नांवर मी वर्षानुवर्षे आनंदाने घालवली आहेत. माझ्या विद्यार्थ्यालाही हा आनंद मिळाला असता. त्याला मिळाला तो छापील ७० टक्क्यांचा आकडा.

आता माझी विनंती. आपल्या क्रीडा पानावरील अंदाजकारांनी ‘पहिली पसंती, दुसरी पसंती’ देण्याऐवजी, किंवा निदान त्याच्या जोडीला, प्रत्येक घोड्याची संधी टक्क्यांत छापावी आणि एका शर्यतीतील टक्क्यांची बेरीज शंभर यावी. छापून आलेला अंक बदलता येत नाही, त्यामुळे वृत्तपत्रासारखी चोख नोंदवही दुसरी नाही. मोसमाच्या शेवटी एक साधा तक्ता द्यावा: ज्या घोड्यांना आपण १० टक्के दिले होते त्यांतले किती जिंकले, ज्यांना २० दिले होते त्यांतले किती, ज्यांना ३० दिले होते त्यांतले किती, आणि शेजारीच अखेरच्या भावातून निघणाऱ्या संभाव्यतेचे तसेच आकडे. अंदाजकार भावापेक्षा सरस आहे की नाही हे कोणाही वाचकाला एका नजरेत दिसेल. सरस नसला तरी त्यात कमीपणा नाही. वर सांगितल्याप्रमाणे भाव हा फार बलवान प्रतिस्पर्धी आहे.

आणि सांख्यिकी पद्धतींच्या जाहिराती स्वीकारताना जाहिरातदाराकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात. शर्यतीपूर्वी नोंदवलेल्या सलग सर्व अंदाजांची यादी, त्यात हरलेले दिवस गाळलेले नसावेत. प्रत्येक अंदाजासमोर अखेरचा भाव. आणि पद्धत ज्या शर्यतींवरून तयार केली त्या कोणत्या व तपासली त्या कोणत्या, याचा स्पष्ट खुलासा. आम्ही त्या विक्रेत्याला या तिन्ही गोष्टींसाठी पत्र पाठवले होते. उत्तरादाखल फक्त चांगल्या दिवसांची कात्रणे आली आणि पुढच्या मोसमाच्या नव्या, ‘सुधारित’ पुस्तिकेवर सवलत देऊ केल्याचे पत्रक आले.

असा तक्ता कसा मांडावा याचा नमुना मी माझ्या वहीवरून तयार केला आहे. आपल्या क्रीडा विभागास तो उपयोगी वाटल्यास मी तो विनामूल्य पाठवीन आणि मोसमाअखेरची आकडेमोडही करून देईन. माझा विद्यार्थी मदतीला यायला तयार आहे. गेल्या दोन महिन्यांपासून तो पैसे न लावता रोजचे टक्के शाईने वहीत लिहितो आहे.

कळावे.

आपला,
एक निवृत्त संख्याशास्त्र शिक्षक